हुकूमनामा खिशात, पगार वाऱ्यावर

खडकी हे पगारावर वसलेले गाव आहे. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी इथल्या माळावर लढाई झाली, पेशवाई आटोपली, इंग्रजांची छावणी आली आणि १८६९ साली दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. तेव्हापासून इथल्या घरांतले महिन्याचे गणित पावसापाण्यावर नव्हे, तर पगाराच्या तारखेवर बसू लागले. पुढे १९४६मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आली आणि तिच्या आगेमागे कितीतरी लहान वर्कशॉप, पत्र्याच्या शेड, गॅरेज, गोदामे. छावणीची झाडलोट करणारे, बाजारातले हमाल, फाटकांवर उभे राहणारे सुरक्षारक्षक, कॅन्टीनमध्ये भांडी घासणाऱ्या बाया हे सगळे मोजले, तर सरकारी कायम नोकरांपेक्षा ठेकेदाराच्या रजिस्टरवरची माणसे आज कमी भरतील असे वाटत नाही.

अशा गावात कामगार कायदा हा पुस्तकातला विषय राहत नाही. किमान वेतन किती, जादा कामाचा दर दुप्पट का, ग्रॅच्युइटी कधी लागू होते, हे इथल्या चहाच्या टपरीवरही सांगणारे भेटतात. मालकाने कायदा मोडला तर दाद कुठे मागायची, हेही अनेकांना ठाऊक असते. अडते ते त्याच्या पुढे. दाद मागितली, निकाल बाजूने लागला, शिक्क्याचा कागद हातात आला. मग त्या कागदाचे पैसे कोण करून देणार?

मी आयुष्याची उमेदीची वर्षे बँकेत काढली. तिथे ‘वसुली’ हा शब्द दिवसातून दहा वेळा कानावर पडे. कर्ज देणे सोपे, वसूल करणे कठीण, हे बँकेतला शिपाईसुद्धा जाणतो. म्हणून बँका कर्ज देण्याआधीच वसुलीची तजवीज करून ठेवतात. तारण घेतात, जामीनदार घेतात, कोऱ्या कागदांवर सह्यासुद्धा घेतात. कामगार मात्र महिनाभर आधी काम करतो आणि नंतर पगार घेतो. म्हणजे तो मालकाला दर महिन्याला बिनव्याजी, बिनतारणी उधारी देत असतो. जगात इतका उदार सावकार दुसरा नाही, आणि त्याच्याइतकी दुबळी वसुलीयंत्रणाही दुसऱ्या सावकाराच्या वाट्याला आलेली नाही.

चार शब्दांचा घोळ

आधी एक घोळ निस्तरला पाहिजे. ‘मालकाला दंड झाला’ ही बातमी वाचून आपल्याला वाटते की कामगाराला न्याय मिळाला. प्रत्यक्षात दंड, थकबाकी, भरपाई आणि नुकसानी या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि चारही रकमांच्या वाटा वेगळ्या आहेत.

दंड हा गुन्ह्याबद्दल असतो व तो सरकारजमा होतो. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात, तडजोडीच्या कराराचा भंग झाल्यास दंडातला काही भाग नुकसान सोसणाऱ्याला देण्याची मुभा न्यायालयाला होती, पण तो अपवाद. थकबाकी म्हणजे कामगाराचे मूळचेच पैसे. भरपाई म्हणजे ते वेळेवर न दिल्याबद्दल त्याला मिळणारी जास्तीची रक्कम. १९४८च्या किमान वेतन कायद्याने ती कमी दिलेल्या वेतनाच्या दहा पटींपर्यंत देता येई. आणि नुकसानी हा भविष्यनिर्वाह निधीच्या कायद्यातला शब्द. मालकाने निधीचा हप्ता थकवला की त्याच्यावर १२ टक्के व्याज तर चढतेच, शिवाय नुकसानीची आकारणी होते. ती कामगाराच्या हातात पडत नाही, निधी संघटनेकडे जमा होते. १४ जून २०२४च्या अधिसूचनेने या नुकसानीचा दर महिन्याला एक टक्का असा सरळ केला.

दंडाच्या रकमा कशा होत्या, तेही पाहावे. केंद्राच्या किमान वेतन कायद्यात कमी पगार देणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद होती. १९४८ साली ५०० रुपये ही धाक वाटावी अशी रक्कम होती. एकविसाव्या शतकातही कायद्याच्या पुस्तकात तोच आकडा राहिला. दहा माणसांना दिवसाला वीस-वीस रुपये कमी देणारा ठेकेदार तीन दिवसांत दंडाची रक्कम वाचवून मोकळा होत असेल, तर त्याने कायदा कशासाठी पाळावा?

कागदाचा प्रवास

समजा, खडकी बाजाराच्या मागच्या बाजूला एखाद्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये एक वेल्डर काम करतो. अठरा हजार रुपये महिना. मालकाने तीन महिने पगार दिला नाही आणि चौथ्या महिन्यात ‘उद्यापासून येऊ नकोस’ म्हणून सांगितले. ५४ हजार रुपयांचे येणे. त्याने करायचे काय?

खडकीत पहिला प्रश्न असा की तो कोणाचा माणूस? खासगी शेडमधला असेल तर राज्य सरकारचे कामगार खाते. पण छावणी मंडळाच्या किंवा संरक्षण खात्याच्या कामावर असेल, तर जुन्या कायद्यात ‘समुचित सरकार’ केंद्राचे होते. १९४७च्या कायद्याने छावणी मंडळाचे नाव घेऊनच त्याला केंद्राच्या कक्षेत घातले होते. दारूगोळा कारखाना १ ऑक्टोबर २०२१पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीत गेला. तिचे मुख्यालयही पुण्यातच आहे. त्यामुळे एकाच गल्लीत शेजारी राहणाऱ्या दोघांची कार्यालये वेगळी, अधिकारी वेगळे. चुकीच्या खिडकीवर अर्ज दिला की काही महिने सहज जातात.

योग्य खिडकी सापडली, की दुसरा प्रश्न. मालक म्हणतो, ‘हा माझा माणूसच नव्हे.’ येणे रक्कम ठरवून देण्याचा कामगार न्यायालयाचा अधिकार हा हुकूमनाम्याची अंमलबजावणी करणाऱ्या न्यायालयासारखा असतो. हक्क आधीच पक्का असला तर त्याचे रुपये किती, हे ते न्यायालय मोजून देते. हक्कच वादात असेल तर आधी तो सिद्ध करून आणा, असे सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महापालिकेच्या प्रकरणात १९९४ साली स्पष्ट केले. ठेकेदाराकडच्या माणसाला ना नेमणूकपत्र, ना हजेरीकार्ड. मालकाचे एक वाक्य त्याला काही वर्षे मागे लोटते.

कामगाराच्या बाजूचे निकालही आहेत आणि त्यांतले दोन आपल्या मुलखातले. मुंबईच्या गॅस कंपनीतील कामगारांनी जुन्या निवाड्यानुसार साप्ताहिक सुट्टीच्या पगाराची थकबाकी मागितली. बॉम्बे गॅस कंपनी विरुद्ध गोपाळ भिवा या नावाने ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि साठच्या दशकात न्यायालयाने सांगितले की अशा अर्जाला कायद्याने मुदत घातलेली नाही, तेव्हा उशीर झाला म्हणून तो फेटाळता येणार नाही. १९६९ साली सीमाभागातल्या अथणी नगरपालिकेच्या कामगारांच्या प्रकरणात हीच भूमिका पुन्हा पक्की झाली. गोपाळ भिवा हे नाव कुठल्याही इतिहासाच्या पुस्तकात नाही, पण देशभरच्या कामगार वकिलांच्या तोंडी ते साठ वर्षे आहे.

समजा, आपल्या वेल्डरने हेही टप्पे ओलांडले. ५४ हजार आणि वर काही भरपाई असा आदेश झाला. मालकाने पैसे भरले नाहीत. आता ‘वसुली प्रमाणपत्र’ निघते आणि ते जाते जिल्हाधिकाऱ्यांकडे. रक्कम ‘जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे’ वसूल करावी, असे त्यात लिहिलेले असते.

शेतसाऱ्याचे हत्यार

जमीन महसुलाची थकबाकी हा शब्दप्रयोग महाराष्ट्रात कोणालाही उलगडून सांगावा लागत नाही. साऱ्यासाठी घरातली भांडी बाहेर काढणारा तलाठी आणि चावडीवरचा लिलाव आपल्या आजोबा-पणजोबांनी पाहिलेला आहे. सरकारचे येणे वसूल करण्याचे ते सर्वांत धारदार हत्यार. कायदे करणाऱ्यांनी ते कामगाराच्या हाती द्यावे, ही कल्पना उत्तमच होती. १९२३च्या नुकसानभरपाईच्या कायद्यात, १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात, १९७२च्या ग्रॅच्युइटी कायद्यात हीच वाट होती. महाराष्ट्राने १९७१मध्ये अनुचित कामगार प्रथांविरुद्ध स्वतंत्र कायदा केला, त्यातही हीच. वेतन प्रदान व किमान वेतन कायद्यांखालची रक्कम ‘दंडाधिकाऱ्याने केलेल्या दंडाप्रमाणे’ वसूल होत असे. पण दंडाधिकाऱ्यालाही दंड वसूल करण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे वॉरंट पाठवता येते. सगळ्या नद्या शेवटी त्याच समुद्राला मिळतात.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या १७६व्या कलमात वसुलीचे मार्ग दिले आहेत. आधी मागणीची नोटीस, मग जंगम मालमत्तेची जप्ती व विक्री, मग स्थावराची जप्ती व लिलाव, आणि शेवटी थकबाकीदाराची अटक व कैद. मालकाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर १८९०च्या महसूल वसुली कायद्याने तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रमाणपत्र धाडता येते. कागदावर पाहिले तर मालकाला पळायला जागाच नाही.

मग पैसे का येत नाहीत? हत्यार धारदार आहे, पण ते ज्याच्या हाती दिले त्याला दहा कामे आहेत. तहसीलदाराच्या टेबलावर निवडणूक असते, पंचनामे असतात, दाखले असतात, मंत्र्यांचे दौरे असतात. स्वतःच्या खात्याच्या वसुलीचे उद्दिष्ट असते आणि ते पुरे झाले नाही तर त्याला वर जाब द्यावा लागतो. वेल्डरच्या ५४ हजारांबद्दल त्याला जाब विचारणारे कोणी नसते. या प्रमाणपत्राची वसुली किती दिवसांत व्हावी, याची मुदत कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना घातलेली नाही.

आणखी अडचणी आहेत, त्या बँकेच्या काउंटरमागे बसल्याशिवाय कळत नाहीत. तहसीलदाराकडून खाते गोठवण्याचे पत्र शाखेत येते. कारखानदाराचे खाते बहुधा कॅश क्रेडिटचे, म्हणजे त्यात त्याची शिल्लक नसते, बँकेचेच येणे असते. जप्त करायला पैसाच नाही. ज्या खात्यात पैसा असतो ते बायकोच्या, मुलाच्या किंवा नव्या फर्मच्या नावाने असते आणि त्याचा नंबर तहसीलदाराला कोणी दिलेला नसतो. शाखाधिकारी खरे तेच उत्तर देतो, ‘खात्यात शिल्लक नाही’, आणि फाइल पुन्हा कपाटात जाते.

खडकीत याला आणखी एक गाठ आहे. शहरात मालमत्ता शोधायची तर मालमत्ता पत्रक असते, खेड्यात सातबारा असतो. छावणीत मात्र जमिनीची नोंद ‘जनरल लँड रजिस्टर’ नावाच्या वेगळ्याच वहीत असते. अनेक जुन्या बंगल्यांची जमीन सरकारची आणि वरचे बांधकाम तेवढे धारकाचे, असा प्रकार असतो. मालकाच्या नावावर बंगला आहे म्हणून जप्तीला जावे, तर विकण्याजोगे काय आहे हेच आधी शोधावे लागते.

एकाच इमारतीत दोन फाइली

बँकांनाही पूर्वी दिवाणी न्यायालयातच खेटे घालावे लागत. त्यांची ओरड सरकारने ऐकली. १९९३मध्ये कर्जवसुली न्यायाधिकरणांचा कायदा झाला व बँकांना स्वतःचे वसुली अधिकारी मिळाले. तेही पुरेना, तेव्हा २००२मध्ये सरफेसी कायदा आला. आता बँक ६० दिवसांची नोटीस देऊन, कोर्टात न जाता, तारण मालमत्तेचा ताबा घेऊ शकते. ताब्यासाठी मदत लागली तर ती जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करते. त्या अर्जावर ३० दिवसांत, आणि कारणे नोंदवून फार तर ६० दिवसांत आदेश द्यावा, अशी मुदत कायद्याने घातली आहे.

जिल्हादंडाधिकारी म्हणजे जिल्हाधिकारीच. म्हणजे एकाच इमारतीत, एकाच अधिकाऱ्याच्या नावे दोन फाइली पडून असतात. बँकेच्या फाइलीला तीस दिवसांचे घड्याळ लावलेले, वेल्डरच्या फाइलीला घड्याळच नाही. दोन्ही वसुली एकाच शेडमधून व्हायच्या असतील, तर आधी कोण पोचणार हे सांगायला ज्योतिषी नको. मी बँकेच्या बाजूने बसलेला माणूस आहे आणि बँकेचा पैसा ठेवीदारांचा असतो हे मला पुरते ठाऊक आहे. त्याच्या वसुलीला वेग हवा यात वाद नाही. पण तोच वेग देशाला एका ठिकाणी जमतो, तर दुसऱ्या ठिकाणी का जमू नये?

जमते, याचा पुरावा कामगार कायद्यांच्या घरातच आहे. भविष्यनिर्वाह निधीच्या १९५२च्या कायद्यात दुरुस्ती करून निधी संघटनेला स्वतःचे वसुली अधिकारी देण्यात आले. ते जप्ती करतात, बँक खात्यावर थेट आदेश काढतात, वेळ पडली तर अटकेपर्यंत जातात. त्यांना वसुलीशिवाय दुसरे काम नसते. शिवाय त्या कायद्याने निधीच्या येण्याला इतर सर्व कर्जांच्या आधीचा मान दिला होता. साखर कारखान्यांनी महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेकडे साखरेची पोती गहाण ठेवली होती आणि निधीचे हप्तेही थकवले होते. साखर आधी कोणाची, हा तंटा सर्वोच्च न्यायालयात गेला. ८ ऑक्टोबर २००९ रोजी न्यायालयाने सांगितले की निधीचे येणे, व्याज आणि नुकसानीसकट, बँकेच्या गहाणाच्या आधी. त्या निकालाने बँकांतल्या अनेकांची झोप उडाली, पण उसाच्या गाळपात हाडे झिजवलेल्या माणसाचा म्हातारपणाचा पैसा पोत्यांखाली चिरडला गेला नाही.

२०१६च्या दिवाळखोरी संहितेतही भविष्यनिर्वाह निधी, निवृत्तिवेतन निधी व ग्रॅच्युइटी निधीची रक्कम विकावयाच्या मालमत्तेतून वेगळी ठेवली आहे आणि कामगारांच्या २४ महिन्यांच्या येण्याला तारणधारक धनकोंच्या बरोबरीची पंगत दिली आहे. चालू शेडमधून हाकललेल्या एकट्या वेल्डरला मात्र यातले काही उपयोगी पडत नाही.

मालक सरकारी असला म्हणजे पगार सुरक्षित, ही खडकीकरांची जुनी समजूत. खडकीहून मुंबई रस्त्याने पुढे गेले की पिंपरीत १९५४ साली सुरू झालेली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स लागते. तिथल्या कामगारांचे पगार इतके थकले, की डिसेंबर २०१६मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने जमीन विकून देणी भागवण्याचे ठरवले आणि जुलै २०१९मध्ये थकीत पगार व स्वेच्छानिवृत्तीसाठी २८०.१५ कोटी रुपयांचे कर्ज मंजूर केले. सरकारी कारखान्याचा पगार देण्यासाठी मंत्रिमंडळ बसावे लागले. छोट्या शेडसाठी कोण बसणार?

नव्या संहिता, जुने टेबल

२१ नोव्हेंबर २०२५पासून चार कामगार संहिता अमलात आल्या आणि वेतन प्रदान, किमान वेतन, औद्योगिक विवाद, ग्रॅच्युइटी हे सारे जुने केंद्रीय कायदे त्यांत विलीन झाले. जुन्या कायद्यांखाली मिळालेले आदेश त्यामुळे रद्दी होत नाहीत. नव्या वेतन संहितेत कामगाराच्या उपयोगाच्या गोष्टी आहेत, त्या मोकळेपणाने सांगितल्या पाहिजेत. दावा करण्याची मुदत पूर्वी किमान वेतनासाठी सहा महिने आणि थकलेल्या पगारासाठी बारा महिने होती, ती आता तीन वर्षे झाली. पगार दिला हे सिद्ध करण्याचे ओझे मालकावर आले. काम सुटल्यावर दोन दिवसांच्या आत हिशेब चुकता करायचा आहे. दहा पटींपर्यंतच्या भरपाईची तरतूद कायम आहे. कमी पगार दिल्याबद्दलचा दंड ५० हजारांपर्यंत गेला आणि पाच वर्षांत पुन्हा तोच गुन्हा घडला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

दुसरी बाजूही आहे. निरीक्षकाच्या पदाला आता ‘सुविधाकार’ हे बिरुद जोडले असून, काही प्रकारच्या पहिल्या गुन्ह्याला खटल्याआधी चूक सुधारण्याची संधी त्याने मालकाला द्यायची आहे. ज्या गुन्ह्याला कैद नाही, तो कमाल दंडाच्या निम्मी रक्कम भरून मिटवता येतो. ५० हजारांचा धाक अशा रीतीने २५ हजारांवर येतो आणि तेही पैसे वेल्डरचे नव्हेत. वसुलीचे म्हणाल, तर प्राधिकाऱ्याने दाव्याचा निकाल तीन महिन्यांत देण्याचा प्रयत्न करावा आणि मालकाने पैसे दिले नाहीत तर वसुली प्रमाणपत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावे, त्यांनी ते जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करावे. कायदा नवा, टेबल तेच.

तेव्हा मागणी करायची ती त्या टेबलाबद्दल. कामगार खात्याला निधी संघटनेसारखे स्वतःचे वसुली अधिकारी द्यावेत. ते जमेपर्यंत बँकेच्या अर्जाला आहे तशी मुदत कामगाराच्या प्रमाणपत्रालाही घालावी. प्रत्येक जिल्ह्यात किती प्रमाणपत्रे आली, किती वसूल झाली आणि किती पडून आहेत, याचा तक्ता दर तीन महिन्यांनी फलकावर लावावा. यासाठी फार पैसा लागत नाही. बँकेत प्रत्येक शाखेला थकीत कर्जांचा असा तक्ता वर पाठवावाच लागतो आणि ज्याचा तक्ता निघतो त्याचीच वसुली होते, हा साधा अनुभव आहे.

कामगारानेही प्रमाणपत्र निघाले की घरी बसू नये. मालक ज्या खात्यातून पगार देई त्याचा नंबर, जीएसटी क्रमांक, शेडचा भाडेकरार, यंत्रांची यादी, गाड्यांचे नंबर, तो ज्यांना माल पुरवतो त्या कंपन्यांची नावे, जे जे ठाऊक असेल ते लेखी तहसीलदाराकडे द्यावे आणि पोच घ्यावी. मालकाचे येणे ज्या मोठ्या कंपनीकडे अडकले आहे ती कळली, की कॅश क्रेडिटच्या रिकाम्या खात्याची वाट पाहावी लागत नाही. आणि तो ठेकेदाराचा माणूस असेल, तर मूळ मालकाचे नावही दाव्यात घालावे. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो मूळ मालकाने द्यायचा आणि मग ठेकेदाराकडून वसूल करायचा, हे तत्त्व १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्यात होते आणि नव्या संहितेतही राहिले आहे. शेडचा मालक पसार होईल, पण छावणी, सरकारी कंपनी किंवा मोठा कारखाना रातोरात पसार होत नाही.

५४ हजार रुपये ही बँकेच्या हिशेबात फार लहान रक्कम. असली कर्जे आम्ही ‘किरकोळ’ या सदरात टाकत असू. खडकीतल्या भाड्याच्या खोलीत ते तीन महिन्यांचे भाडे असते, वाण्याची उधारी असते, मुलीची फी असते. ते वेळेवर न मिळाल्याने जे व्याज चढते ते कामगार खासगी सावकाराला भरतो. त्याला भरपाई कोणत्याही आदेशात लिहिलेली नसते. म्हणून आदेशाची तारीख आणि पैसे हातात पडल्याची तारीख यांतले अंतर हाच कामगार कायद्याचा खरा निकाल असतो, आणि तो आज तहसील कचेरीच्या कपाटात लागतो आहे.